शंभर पेसोची चांदी

हे नाणं तळहातावर घेतलं की आधी जाणवतं ते वजन. ३१.१ ग्रॅम. समोरच्या पारड्यात अडीच राणीछाप रुपये टाकले, तरी हेच पारडं खाली राहील.

निवडुंगावर बसलेला गरुड, चोचीत साप. हे मेक्सिकोचं राजचिन्ह. नाणं शंभर पेसोचं, साल १९८५. पुढच्या वर्षीच्या फुटबॉल विश्वचषकासाठी पाडलेलं.

आता भिंग आणखी जवळ. इथे बारीक एम आहे, आणि त्याच्या डोक्यावर त्याहून बारीक ओ. ही मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण. टांकसाळ १५३५ची, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या ९५ वर्षं आधीची. मेक्सिकोच्या चांदीची नाणी पुढे समुद्रमार्गे सुरतेपर्यंत यायची आणि तिथे वितळून मुघल रुपये व्हायची. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयातही मेक्सिकोतल्या झकातेकासच्या खाणीतला कण असेल, हे विसरू नये.

हजारात ७२० भाग चांदी, बाकी तांबं. १९२० ते १९४५ या काळात मंडईत रोज फिरणारा चांदीचा पेसोही याच कसाचा होता. १९६८च्या ऑलिंपिकचं पंचवीस पेसोचं नाणंही तसंच. त्यावर मेक्सिकोतल्या प्राचीन चेंडूच्या खेळाचा खेळाडू कोरलाय. भरीव रबराचा जड चेंडू कमरेच्या धक्क्याने उडवायचा, हात लावायचा नाही. युरोपातून फुटबॉल आला, तेव्हा त्या मातीत चेंडू शतकानुशतकं रुळलेला होता.

त्या काळी असं नाणं घडायचं कसं? आधी चित्र मोठ्या आकारात, प्लास्टरमध्ये. यंत्राची एक सुई त्यावरून सावकाश फिरायची, दुसरी तेच चित्र लहान करून पोलादात उतरवायची. त्यावरून ठसा. चांदीची चकती तापवून मऊ करायची, धुवायची, चकाकी आणायची. मग दाब. संग्राहकांसाठीच्या खास नाण्यावर एकाहून जास्त वेळा, तेव्हा कुठे गरुडाचं पीस न् पीस उठायचं. एवढी मेहनत घेतलेल्या वस्तूला नुसती भेटवस्तू म्हणवत नाही.

खरं तर हा विश्वचषक कोलंबियात व्हायचा होता. खर्च झेपेना म्हणून त्यांनी माघार घेतली आणि १९८३मध्ये तो मेक्सिकोकडे आला. १९ सप्टेंबर १९८५ला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. स्पर्धा झाली. अंतिम सामना, २९ जून १९८६, अझ्टेका स्टेडियम: अर्जेंटिना ३, पश्चिम जर्मनी २.

महागाईत पेसो कोसळला. १९९३मध्ये त्यावरची तीन शून्यं उडवली. शंभर पेसोचे दहा सेंताव्हो झाले; सेंताव्हो म्हणजे पेसोचा शंभरावा भाग.

काटा अजून ३१.१ दाखवतोय.