यू-२ : उंचीसाठी घडवलेले विमान

श्रोतेहो, नमस्कार.

सोव्हिएत संघाच्या अंतर्भागात किती बॉम्बफेकी विमाने आणि किती क्षेपणास्त्रे आहेत, हे १९५४ साली अमेरिकेला ठाऊक नव्हते आणि ते पाहून येण्याचे खात्रीचे साधनही तिच्याकडे नव्हते. लॉकहीड कंपनीचे अभियंते क्लॅरेन्स ऊर्फ केली जॉन्सन यांनी सत्तर हजार फुटांवरून, म्हणजे सुमारे एकवीस किलोमीटर उंचीवरून, छायाचित्रे घेणारे विमान सुचवले, तेव्हा हवाई दलाने तो प्रस्ताव फेटाळला. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मात्र अशा विमानाला मंजुरी दिली, त्याची सूत्रे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडे आली, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये नेवाडाच्या वाळवंटातील ग्रूम लेक येथून यू-२ ने पहिले उड्डाण केले.

या विमानाच्या रचनेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते जॉन्सन यांनी त्यातून काय काय वगळले ते. सत्तर हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम सहा टक्के असते. तेथे तरंगत राहायचे तर पंख लांब हवेत आणि वजन कमीत कमी हवे. म्हणून सुमारे ऐंशी फूट लांबीचा पंखविस्तार एखाद्या ग्लायडरसारखा ठेवण्यात आला, आणि शेपटीचा भाग मुख्य सांगाड्याला केवळ तीन बोल्टांनी जोडला गेला. चाकेही पोटाखाली एकामागे एक अशा दोनच जागी होती. पंखांना आधार देणारी बाजूची चाके विमानाने जमीन सोडताच गळून पडत, त्यामुळे उतरताना वैमानिकाला दोन्ही पंख तोलून धरावे लागत. त्याला जमीन नीट दिसत नसल्याने दुसरा वैमानिक धावपट्टीवर मोटारीतून मागे धावत रेडिओवरून उरलेली उंची सांगत असे.

वरच्या हवेत तर त्याची कसोटीच होती. वेग थोडा कमी झाला की विमान हवेतला आधार गमावणार, आणि थोडा वाढला की हादरे बसून मोडण्याचा धोका. कमाल उंचीवर या दोन मर्यादांमधील अंतर ताशी दहा-अकरा किलोमीटर एवढेच उरत असे. तेथील विरळ हवेत नेहमीचे इंधन उडून जाईल म्हणून शेल कंपनीने सहज बाष्प न होणारे इंधन खास तयार केले. वैमानिक विरळ हवेत शरीरावरचा दाब टिकवून धरणारा दाबपोशाख घालत आणि उड्डाणापूर्वी तासाभराहून अधिक वेळ शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेत. कॅमेऱ्यातही तोल सांभाळलेला होता : फिल्मच्या दोन पट्ट्या परस्परविरुद्ध दिशांनी सरकत, जेणेकरून वजन एका बाजूला झुकू नये.

सोव्हिएत प्रदेशावरील पहिले उड्डाण ४ जुलै १९५६ रोजी झाले. रडारला विमान दिसणार नाही ही आशा त्याच दिवशी फोल ठरली, पण लढाऊ विमानांना ती उंची गाठता येईना. ते संरक्षण १ मे १९६० पर्यंत टिकले; पेशावरहून निघालेले फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचे विमान त्या दिवशी स्वेर्दलोव्स्कजवळ क्षेपणास्त्राने पाडले, आणि हवामानाच्या अभ्यासासाठीचे विमान भरकटले हा अमेरिकेचा खुलासा पॉवर्स जिवंत हाती लागल्यामुळे कोसळला. तरीही या विमानाचे काम थांबले नाही. क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे १४ ऑक्टोबर १९६२ रोजी यू-२ नेच आणली, आणि तेरा दिवसांनी त्याच बेटावर मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे यू-२ पाडले गेले व ते मृत्युमुखी पडले.

त्याच सुमारास चीनबरोबरच्या युद्धात सापडलेल्या भारताचाही या विमानाशी संबंध आला. नोव्हेंबर १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी सीमाभागावरील टेहळणीला संमती दिली आणि पुढे ओडिशातील चारबटिया येथील धावपट्टी वापरण्यास देण्यात आली. तेथून पहिली मोहीम २४ मे १९६४ रोजी निघाली. तीनच दिवसांनी नेहरूंचे निधन झाले आणि पुढील उड्डाणे लांबणीवर पडली. सीमेवरील तणाव वाढल्यावर त्या डिसेंबरमध्ये आणखी तीन मोहिमा झाल्या, त्यानंतर मुख्य काम थायलंडमधील ताखली तळावरूनच चालू राहिले आणि जुलै १९६७ मध्ये चारबटियातील व्यवस्था गुंडाळण्यात आली. हा सारा तपशील सीआयएने २०१३ साली खुल्या केलेल्या आपल्या अंतर्गत इतिहासातून सर्वांसमोर आला.