हजेरी लागते, पण…

(दृश्य : हजेरीपट. पेन एकेका नावापुढे खूण करत खाली सरकतं.)

रोज हजर, गृहपाठ बरा, तक्रार एकही नाही. शाळेशी नातं तुटलेलं मूल कागदावर असंही दिसतं.

हे तुटलेपण तीन ठिकाणी वेगवेगळं तपासावं लागतं : अभ्यासाशी, शिक्षकांशी आणि वर्गातल्या मुलांशी. गणिताला वैतागलेला मुलगा मित्रांसाठी धावत शाळेत येतो. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते. त्यामुळे ‘शाळा आवडते का?’ हा प्रश्न बिनकामाचा. सगळे ‘हो’ म्हणून मोकळे होतात.

(दृश्य : प्रश्नावली, चार चौकटी. पेन्सिल तिसरीवर थांबते, खोडरबर फिरतो, खूण दुसरीत जाते.)

प्रश्नावली निनावी हवी, वर्गशिक्षकांनी गोळा केलेली नको. उत्तरं लिहायलाही लावू नयेत. अक्षर ओळखू येतं. नुसत्या खुणा, आणि कागद बंद पेटीत. ‘सांगता येत नाही’ हा मधला पर्याय ठेवला, की बिचकणारी मुलं नेमकी तिथे लपतात.

हे तुटलेपण कधी हिंसेतही दिसतं. पण तिच्याबद्दल ‘तू मारामारी करतोस का?’ असं थेट विचारून काही हाती लागत नाही. वाक्यं द्यावीत, पटतं की नाही विचारावं. ‘त्यानेच आधी शिवी दिली.’ ‘गंमत होती, लागलं कुठे?’ ‘दोस्तासाठी हात उचलावाच लागतो.’ ‘सर तरी कुठे सगळ्यांना सारखं वागवतात?’

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्ये अशा सबबींचे पाच प्रकार मांडले. मारणं चूक आहे हे मुलाला ठाऊक असतं; सबब तो नियम तेवढ्यापुरता बाजूला सारते. समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये पुढचा दुवा दाखवला : शिक्षकांना काय वाटेल याची पर्वा संपली, की शाळेच्या नियमाचा धाकही संपतो. अर्थात, सबब पटणारा प्रत्येक जण हात उचलतोच असं नाही. शिवाय गाडी उलटीही धावते : मारकुटा म्हणून शिक्का बसलेल्या मुलाला शाळाच दूर लोटते.

(दृश्य : रिकामा बाक. फळ्यावर नव्या धड्याचं नाव.)

निलंबन इथेच फसतं. तीन दिवस घरी बसलेला मुलगा परततो तेव्हा धडा पुढे गेलेला, गटात जागा दुसऱ्याची. आधीच सैल असलेले तिन्ही धागे एका झटक्यात आणखी सुटतात. परतीच्या दिवशी पहिल्या तासाआधी, वर्गाबाहेर, एकाच शिक्षकाने दहा मिनिटं बसावं. सुटलेल्या धड्याची वही हातात द्यावी, बसायची जागा ठरवून द्यावी. भांडणाचा विषय त्या दिवशी वर्गासमोर काढू नये, थट्टेतसुद्धा.