हाताला कळतं

[पडद्यावर: चिपळूणच्या घराची पडवी. लाकडी आरामखुर्ची. भिंतीवर पाण्याच्या मोटरचं बटण.]

ही खुर्ची बाबांची. रोज सकाळी सहाला ते इथून उठायचे, मोटर लावायचे आणि तिच्या अंगावर तळवा टेकवून अर्धा मिनिट तसेच उभे राहायचे. जहाजाच्या इंजिनांनी त्यांचे कान कधीच नेले होते. उजव्याने जवळजवळ काही नाही, डाव्याने थोडंफार. पण मोटरवर हात ठेवून ते सांगायचे, "बेअरिंग जातंय. आठेक दिवस काढेल." आम्ही म्हणायचो, बाबा, आवाज तर नीट येतोय की. त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "आवाज उशिरा येतो, बाय. हाताला आधी कळतं."

बाबा नौदलात ईआरए होते. म्हणजे इंजिन रूम आर्टिफिसर. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, जिथे खिडकी नसते तिथे काम करणारा माणूस.

[पडद्यावर: पोलादाचा एक लहान घनाकृती ठोकळा, तळहातावर.]

हा ठोकळा नीट बघा. 1962 साली, सोळाव्या वर्षी, खाडीकाठच्या गावातून एक पत्र्याची ट्रंक घेऊन बाबा लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत दाखल झाले. नौदलाचे इंजिनवाले तिथेच घडतात. तिथलं ब्रीदवाक्य आहे 'कर्मसु कौशलम्'. पहिले कित्येक महिने हातात फक्त कानस. असा ठोकळा घासायचा की पत्र्यातल्या चौकोनी भोकात तो कुठल्याही बाजूने बसला पाहिजे आणि दिव्यासमोर धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. उजेड दिसला की पुन्हा पहिल्यापासून. बाबांचे किती ठोकळे वाया गेले ते त्यांनी सांगितलं नाही. हा जमला, म्हणून देवघराच्या खणात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला. आईने कधी हरकत घेतली नाही.

चार वर्षांच्या प्रशिक्षणानंतर दोन-तीन जहाजं झाली, आणि मग विक्रांत.

[पडद्यावर: विक्रांतचं जुनं कृष्णधवल छायाचित्र.]

आमच्या घरात विक्रांत हे जहाजाचं नाव नव्हतंच, ते घरातलं माणूस होतं. भारताची पहिली विमानवाहू नौका. 4 मार्च 1961 ला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. तिच्या पोटात वाफेचे चार बॉयलर. वर वाफेचा एक ड्रम, खाली पाण्याचे दोन, मधे नळ्यांचं रान. बाबा दोन्ही हात छपरासारखे जुळवून तो आकार दाखवायचे.

1970 च्या जूनमध्ये कळलं की बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना आतून तडे गेलेत. वेल्डिंगने भरून येतील असे ते नव्हते. नवे ड्रम इथे मिळेनात म्हणून ब्रिटनमधून मागवले, आणि तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत असा हुकूम निघाला. विक्रांत मुंबई गोदीत कित्येक महिने थंडगार उभी राहिली. इकडे युद्धाची चिन्हं दिसायला लागली होती. 1965 च्या लढाईतही ती समुद्रात उतरली नव्हती. या वेळीही बंदरातच राहिली असती, तर तिला लोक पांढरा हत्ती म्हणाले असते.

मग जे ठरलं ते इंजिनवाल्यांच्या जिवावर ठरलं. चौथा बॉयलर सोडून द्यायचा. उरलेल्या तिघांना पोलादी पट्टे आवळायचे. वाफ गळायला लागली तर लगेच कळावं म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवायच्या. दाब दर चौरस इंचाला 400 पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही. वेग 14 नॉट, म्हणजे ताशी 26 किलोमीटर. तरणा पोरगा सायकल दामटतो तेवढा. ज्या जहाजाचा मूळ वेग पंचविसाच्या घरात, ते या चालीने लढाईला निघालं. विमान उडवायला जहाजाला वाऱ्याच्या तोंडाशी धावावं लागतं आणि विमान फेकणारं कॅटापल्टही त्याच वाफेवर चालतं. वर डेकवर वैमानिक, खाली बाबा आणि त्यांचे सोबती. बांधलेल्या बॉयलरसमोर, खिडकीला डोळा लावून.

दाबाखालची वाफ दिसत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कुकरच्या शिट्टीवर पांढरं दिसतं ते थंड झालेल्या वाफेचे बारीक थेंब. खरी गळती डोळ्यांना दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि मधे हात आला तर भाजून जातो. म्हणून खराट्याचा दांडा पुढे धरून चालायचं. दांडा जिथे कापला जाईल तिथे गळती. बाबा हे सांगायचे, ते आमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावता लावता. दर पहिल्या तारखेला. एकही महिना चुकला नाही.

[पडद्यावर: जुन्या आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा.]

ही आईची पत्रं. लग्न मे 1971 मधलं. पंधरा दिवसांची रजा संपवून बाबा गेले आणि जुलैत जहाज मुंबईतून निघालं. कुठे, ते घरच्यांना ठाऊक असायचं कारण नाही. पत्ता एकच, 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. पत्रं मागेपुढे पोचतात म्हणून आई कोपऱ्यात नंबर घालायची. एकोणीस नंबरच्या पत्रानंतर बाबांकडून उत्तर येणं थांबलं. आई लिहीतच राहिली. वीस, एकवीस, बावीस. तेविसाव्यात फक्त एवढंच आहे की म्हशीला रेडकू झालं आणि तुमची आठवण येते.

तेव्हा विक्रांत अंदमानात पोर्ट कॉर्नवॉलिसला लपवून ठेवलेली होती. तिला शोधत आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी 3 डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली. 4 डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले. आईने ते रेडिओवर ऐकलं आणि नवरा कुठे आहे ते तिला तेव्हा कळलं.

लढाई संपेपर्यंत तिन्ही बॉयलर टिकले. बाबांचे इंजिनिअर ऑफिसर कमांडर बिनॉय रॉय चौधरी यांना वीरचक्र मिळालं. बाबा ही गोष्ट सांगताना ताठ बसायचे, जणू ते चक्र आमच्याच कपाटात होतं.

पुढची वर्षं भराभर गेली. आणखी जहाजं, लोणावळ्यात मुलांना शिकवणं, आम्हा दोघा भावंडांचा जन्म, निवृत्ती, मग लोटे परशुरामच्या एमआयडीसीत बॉयलरवरचीच नोकरी. सवयी मात्र नौदलाच्याच राहिल्या. पाण्यात चिमूटभर मीठ, कारण बॉयलर रूममध्ये मिठाच्या गोळ्या खायचे. आणि रात्री बारा ते चार जाग. मिडल वॉच, म्हणजे जहाजावरची मध्यरात्रीची पाळी. घरभर फिरायचे, दारं बघायचे, आमच्या अंगावरची पांघरुणं नीट करायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा रात्री जागतात.

2023 च्या जानेवारीत ते गेले, रात्री अडीचला. आई म्हणाली, "वॉच अर्धी टाकून पहिल्यांदाच गेले."

[पडद्यावर: चिपळूणची गल्ली. भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण.]

चिपळूणकर त्यांना विक्रांतसाठी ओळखत नाहीत. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर वाशिष्ठीचा चिखल घराघरात होता आणि पाण्याच्या सगळ्या मोटरी बुडालेल्या. लोक बटण दाबायला निघाले होते. बाबा गल्लीभर ओरडत फिरले, "हात लावू नका!" मग पडवीत ओळीने मोटरी मांडल्या. उघडायच्या, गोड्या पाण्याने धुवायच्या, आत बल्ब लावून वाळवायच्या, मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र लावून आतलं तारांचं वायंडिंग तपासायचं आणि मगच करंट द्यायचा. आठ दिवस हेच. पैसे कोणाकडून घेतले नाहीत. एका आजींनी फणसाची सांदणं पाठवली, ती मात्र घेतली. 2021 च्या पुरात वय पंचाहत्तर. तेव्हा याच खुर्चीत बसून पोरांकडून करून घेतलं.

विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत तिचं संग्रहालय होतं, मग 2014 मध्ये मुंबईतल्याच दारुखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, ती तोडायला घेतली. त्या दिवसांत बाबा जेवण अर्धं टाकून उठायचे. पुढे तिच्या पोलादातून बनवलेली बजाजची मोटरसायकल निघाली. शेजारच्या मुलाने घेतली तेव्हा बाबा चपला न घालताच रस्त्यावर गेले. पेट्रोलच्या टाकीवर तळवा ठेवला. गाडी बंद होती. बराच वेळ हात तसाच.

[पडद्यावर: टीव्हीचा पडदा, कोचीतला समारंभ.]

2 सप्टेंबर 2022. नवी विक्रांत कोचीत नौदलात दाखल होत होती. आम्ही सगळे टीव्हीसमोर. बाबांनी नातवाला विचारलं, "बॉयलर किती?"

त्याने मोबाइलवर बघितलं. "आबा, बॉयलर नाहीतच. चार गॅस टर्बाइन आहेत."

"वाफच नाही?"

"नाही."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. खालच्या पोरांना उकाडा कमी होईल."

आईने टीव्हीचा आवाज त्यांच्यासाठी वाढवला.