पाणी तापतं तेव्हा जड होतं

श्रोतेहो, नमस्कार.

एक लिटर पाणी पातेल्यात घ्या. झाकण इतकं घट्ट लावा की वाफेचा कणही बाहेर जाणार नाही, आणि पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्या. पातेल्यात बाहेरून काहीही पडलेलं नाही. तरीसुद्धा हे तापलेलं पाणी मघाच्या पाण्यापेक्षा जड असतं. किती? साधारण पावणेचार नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले पावणेचार. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाचा काटा सोडाच, प्रयोगशाळेतला उत्तम तराजूही लिटरभर पाण्यातला एवढासा फरक टिपू शकत नाही. पण फरक असतो. उष्णता ही ऊर्जा आहे आणि ऊर्जेला वस्तुमान असतं. ई बरोबर एम सी वर्ग (ई म्हणजे ऊर्जा, एम म्हणजे वस्तुमान, सी म्हणजे प्रकाशाचा वेग) या समीकरणाचा अर्थ एवढाच, आणि एवढा मोठा, आहे.

हे समीकरण आपल्याकडे बहुतेकांच्या मनात अणुबॉम्बला चिकटून बसलंय. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण त्यामुळे असा समज होतो की हा नियम युरेनियमचा, अणुभट्टीचा, आपल्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा जाळला, हवेतला जेवढा ऑक्सिजन लागला तोही मोजला, आणि जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी गोळा करून थंड झाल्यावर तोललं, तर ते आधीच्या बेरजेपेक्षा सात-आठ मायक्रोग्रॅमनी हलकं भरायला हवं. ज्योतीतून जी उष्णता निघून गेली, तिचं हे वस्तुमान. शाळेत आपण द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकतो. लाव्हाझिएनं तराजू वापरून तो बसवला. रसायनशास्त्रात तो आजही बिनदिक्कत वापरतात, कारण इथे चूक होते ती साधारण हजार कोटीत एक भाग इतकीच.

आता तोच सिलिंडर अशा एका बंद खोलीत जाळू, जिच्या भिंतींमधून उष्णता, प्रकाश, वायू, काहीच बाहेर जाऊ शकत नाही. अख्खी खोली वजनकाट्यावर ठेवली आहे. गॅस जळण्यापूर्वी जे वजन होतं तेच जळून गेल्यावरही राहील. खोलीतल्या खोलीत वस्तुमान नाहीसं झालेलं नाही. दार उघडलं की उष्णता बाहेर जाईल आणि जाताना आपलं वस्तुमान बरोबर घेऊन जाईल. वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर होतं, असं आपण सर्रास म्हणतो. बोलण्यात ते खपून जातं, पण विचार करताना फार घोटाळा करतं. एखादी वस्तू एका जागी स्थिर असताना तिच्या पोटात एकूण जेवढी ऊर्जा आहे, तिचंच माप म्हणजे वस्तुमान. आजच्या भाषणातून मला हे एक वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचवायचंय. बाकी सगळं त्याच्या आधारासाठी.

हे कुणाला सुचलं, कसं सुचलं? १९०५ साल. आल्बर्ट आइन्स्टाइन २६ वर्षांचे, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला. सापेक्षतेवरचा मोठा निबंध त्यांनी जूनमध्ये धाडला होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याला जोड म्हणून एक टिपण पाठवलं. छापील तीन पानांचं. त्याचं शीर्षकच एक प्रश्न आहे: पदार्थाचं जडत्व (हलवताना तो करतो तो विरोध, म्हणजेच त्याचं वस्तुमान) त्याच्यातल्या ऊर्जेवर अवलंबून असतं का? आज जगभर ओळखलं जाणारं समीकरण त्या रूपात तिथे नाही. ऊर्जेसाठी त्यांनी एल हे अक्षर घेतलंय, प्रकाशाच्या वेगासाठी व्ही, आणि म्हटलंय की पदार्थानं एल इतकी ऊर्जा प्रकाशरूपानं दिली तर त्याचं वस्तुमान एल भागिले व्ही वर्ग इतकं घटतं. त्याच सुमारास आपल्या एका मित्राला, कॉनराड हाबिश्टला, त्यांनी पत्रात लिहिलं की हा विचार मोठा मोहक आहे, पण देव माझ्यावर हसत तर नसेल ना, मला नाकाला धरून भलतीकडे तर नेत नसेल ना.

त्यांचा युक्तिवाद असा. एक पदार्थ स्थिर आहे. तो समोर आणि मागे, दोन्हीकडे सारख्याच ऊर्जेचे दोन प्रकाशझोत सोडतो. दोन्ही झोत सारखे, म्हणून पदार्थ जागचा हलत नाही. आता हीच घटना कुणी पळत्या गाडीतून पाहतो. त्याला एक झोत जास्त ऊर्जेचा दिसेल, दुसरा कमी ऊर्जेचा. पण सापेक्षतेच्या नियमांनी बेरीज केली तर एकूण ऊर्जा स्थिर माणसाला दिसते त्याहून थोडी जास्तच भरते. ही वरची ऊर्जा आली कुठून? गाडीतल्या माणसाच्या दृष्टीनं तो पदार्थच वेगानं मागे चाललाय, म्हणून त्याच्याजवळ गतिज ऊर्जा आहे, आणि तीच थोडी घटलेली असणार. गतिज ऊर्जेचं सूत्र शाळेतलं: अर्धा एम व्ही वर्ग. इथे व्ही म्हणजे पदार्थाचा वेग, प्रकाशाचा नव्हे. वेग तर बदललेला नाही. मग घटायला उरलं काय? एकटं एम.

आणि इथे आइन्स्टाइननं झेप घेतली. बाहेर गेलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात गेली याला काही महत्त्व नाही, असं ते लिहितात. ती कोणत्याही रूपात गेली तरी हिशेब हाच.

यात प्रकाशाची ऊर्जा गाडीतून कशी बदलते त्याचं सूत्र लागतं, ते आकाशवाणीवरून सांगणं अवघड. पण पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, आइन्स्टाइननं दुसरी वाट दाखवली. तिला दहावीचं बीजगणित पुरतं. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पुणे–लोणावळा लोकलचा एक मोकळा डबा रुळांवर उभा आहे अशी कल्पना करा. घर्षण अजिबात नाही. डब्याच्या एका टोकाला तुम्ही उभे आहात आणि ज्वारीचं पोतं दुसऱ्या टोकाकडे जोरात फेकता. पोतं पुढे जाताना डबा मागे सरकतो. पोतं पलीकडे आदळलं की डबा थांबतो. पोतं थोडं पुढे गेलं, जड डबा किंचित मागे आला, आणि सगळ्यांचं मिळून जे वस्तुमानकेंद्र, म्हणजे ज्या बिंदूवर सगळं वस्तुमान तोललं जातं, ते होतं तिथेच राहिलं. बाहेरून कुणी ढकललेलं नाही, म्हणून ते हलूच शकत नाही. हा नियम न्यूटनच्या काळापासून ठाम आहे.

आता पोत्याऐवजी प्रकाशाचा झोत सोडू. प्रकाशही ढकलतो. मॅक्सवेलच्या वीज-चुंबकत्वाच्या समीकरणांमधून हे निघालं होतं, आणि १९०१ च्या सुमारास मॉस्कोत लेबेदेव्ह यांनी आणि अमेरिकेत निकोल्स आणि हल यांनी प्रकाशाचा दाब प्रत्यक्ष मोजला होता. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ढकलण्याच्या ताकदीचं माप; ई इतक्या ऊर्जेच्या झोताचा संवेग असतो ई भागिले सी. म्हणजे झोत निघताच डबा मागे जाऊ लागेल, आणि त्याचा वेग असेल ई भागिले सी, त्याला भागिले डब्याचं वस्तुमान. किती वेळ जाईल? झोत पलीकडे पोहोचेपर्यंत, म्हणजे डब्याची लांबी भागिले सी. वेगाला वेळेनं गुणा. डबा मागे सरकतो ते अंतर मिळेल: ई गुणिले लांबी, भागिले डब्याचं वस्तुमान, भागिले सी वर्ग.

डबा तर मागे सरकला. वस्तुमानकेंद्र हलायला नको असेल, तर काहीतरी वस्तुमान या टोकाकडून त्या टोकाला गेलंच पाहिजे. त्याला एम म्हणू. एम गुणिले लांबी हे डब्याचं वस्तुमान गुणिले सरकलेलं अंतर याच्याशी बरोबर जुळायला हवं. मांडून पाहा. डब्याचं वस्तुमान उडतं, लांबी उडते. हातात राहतं: एम बरोबर ई भागिले सी वर्ग.

हा वर्ग कुठून आला, ते लक्षात आलं का? कित्येकांना तो सी वर्ग गूढ वाटतो. एक सी आला प्रकाशाच्या संवेगातून, दुसरा आला प्रकाशाला पलीकडे जायला लागणाऱ्या वेळातून. मला या मांडणीत सर्वांत सुंदर वाटते ती ही जागा.

चौकस विद्यार्थी इथे हात वर करतो. डबा अख्खा एकदम मागे कसा सरकेल? एका टोकाला बसलेला धक्का दुसऱ्या टोकाला कळायलाही वेळ लागतो, आणि तो प्रकाशापेक्षा लवकर कळूच शकत नाही. आक्षेप अगदी रास्त आहे. पण डबा मधून काढून टाका, दोन टोकांच्या दोन सुट्या भिंती समजा, आणि हिशेब पुन्हा करा. उत्तर तेच येतं. दुसरा प्रश्न हमखास येतो तो असा, की प्रकाशकणाला वस्तुमान नसतं म्हणतात, मग त्यानं वस्तुमान नेलं कसं? एकट्या प्रकाशकणाला ते नसतंच. पण प्रकाश आणि डबा मिळून जी एक व्यवस्था होते, तिच्या वस्तुमानात प्रकाशाच्या ऊर्जेचा वाटा धरावाच लागतो. बंद खोलीच्या वजनात उष्णतेचा धरला, तसाच.

श्रेय एकाच माणसाचं नाही, हेही सांगायला हवं. जे. जे. थॉमसन यांनी १८८१ मध्येच दाखवलं होतं की विद्युतभारित गोळा हलवायला जास्त जोर लागतो, जणू त्याच्या विद्युतक्षेत्रालाही जडत्व आहे. हेन्री पॉइन्कारे यांनी १९०० मध्ये प्रकाशाची ऊर्जा एखाद्या काल्पनिक द्रवासारखी धरून तिला ई भागिले सी वर्ग इतकं वस्तुमान दिलं होतं. १९०६ च्या लेखात आइन्स्टाइन स्वतः पॉइन्कारेंच्या त्या कामाचा उल्लेख करतात. ऑस्ट्रियाचे हासेनॉर्ल यांनी बंद पेटीतल्या प्रारणाचा, म्हणजे प्रकाश-उष्णतेच्या किरणांचा, हिशेब केला, पण त्यांच्या उत्तरात चार-तृतीयांशाचा गुणक जास्तीचा राहिला. ही सगळी माणसं दारापर्यंत आली होती. पण हा गुण फक्त प्रकाशाचा किंवा विजेचा नाही, सगळ्या ऊर्जेचा आहे, हे ठामपणे म्हणायला सापेक्षतेची नवी बैठक लागली.

पुरावा मिळायला मात्र वेळ लागला. रेडियमच्या क्षारांवर हे तपासता येईल, असं त्या तीन पानी टिपणातच सुचवलं होतं. प्रत्यक्ष आकडे जुळले ते १९३२ मध्ये, केंब्रिजला. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमवर प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रकं) मारले आणि प्रत्येक टकरीतून हीलियमची दोन केंद्रकं उडाली. आजच्या मोजमापानं पाहू. अणूंसाठी वापरतात त्या एककात लिथियम आणि हायड्रोजन मिळून ८.०२३८, दोन हीलियम मिळून ८.००५२. फरक ०.०१८६. समीकरणात घातला तर सुमारे १७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) येतात, आणि उडालेल्या हीलियमची गतिज ऊर्जा तेवढीच भरली. २००५ मध्ये, समीकरणाच्या शंभरीच्या वर्षी, गंधक आणि सिलिकॉनच्या अणूंवर केलेल्या मोजणीत दोन्ही बाजू एक कोटीत चार भाग इतक्या अचूकतेपर्यंत जुळल्या.

आकड्यांचा आवाका कळावा म्हणून एकच सांगतो. एका ग्रॅमची पूर्ण ऊर्जा म्हणजे जवळपास अडीच कोटी युनिट वीज. सूर्य दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपानं बाहेर टाकतो, आणि गेली साडेचार अब्ज वर्षं तो तळपतोय.

पण मला सूर्याहूनही थक्क करतं ते प्रोटॉनचं वजन. प्रोटॉनमध्ये क्वार्क नावाचे तीन मूलकण असतात. त्यांची स्वतःची वस्तुमानं मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम एक टक्का भरतो. बाकीचं सगळं येतं क्वार्कांच्या धावपळीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन नावाच्या कणांच्या ऊर्जेतून. तुमचं वजन ६० किलो असेल, तर त्यातलं साधारण ५९ किलोंहून अधिक ही अशी कोंडलेली ऊर्जा आहे. मघाच्या पाण्यात ऊर्जेचा वाटा नॅनोग्रॅममध्ये मोजावा लागला. इथे जवळजवळ सगळं वजन तिचंच आहे.

आता आपल्या पुण्याशी जोडलेली एक गोष्ट. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या दोन यंत्रांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उमटणारे तरंग, प्रथमच टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरं २९ पट. बेरीज ६५. तयार झालेलं कृष्णविवर मात्र ६२ पट. तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या अंशात गुरुत्वीय लहरींच्या रूपानं निघून गेलं. प्रकाश नाही, उष्णता नाही, तरी हिशेब तोच ई बरोबर एम सी वर्गाचा. यंत्रातल्या गोंगाटातून असा क्षीण संदेश कसा ओळखायचा, याच्या गणिती पद्धतींचा पाया घालणाऱ्यांमध्ये पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतले प्राध्यापक संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी होते. अशी लहर कधी सापडेल की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती, तेव्हापासून हे काम पुण्यात चाललं होतं.

भारताची अशी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. ती चालू झाली की अशी टक्कर आकाशात नेमकी कोणत्या दिशेला झाली हे आजच्यापेक्षा पुष्कळ अचूक सांगता येईल. ऐकणाऱ्यांमध्ये कुणी अकरावी-बारावीची मुलं-मुली असतील, तर त्यांनी आज तो डब्याचा हिशेब कागदावर एकदा स्वतः करून पाहावा. तिथे काम करायला माणसं लागणार आहेत.

नमस्कार.