पानावरचा ठिपका बघून बुरशीचं नाव ठरवू नका

मंडळी, आधी एक विनंती करतो. पानाचा फोटो पाठवून "सर ही कोणती बुरशी?" असं विचारलंत की मी उत्तर देत नाही, त्याचा राग मानू नका, कारण फोटोवरून नाव सांगायचं म्हणजे अंदाज, आणि त्या अंदाजावर तुम्ही फवारणी करणार, आणि तुळस-अडुळशात तर पान हेच औषध आहे.

हळदीचंच बघा. सांगलीकडे, हिंगोलीकडे पानावर काहीही डाग आला की करपा म्हणून मोकळे होतात. पण त्यात दोन वेगळ्या बुरश्या असतात. एकीचे ठिपके मोठे, लांबट, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी आणि भोवती पिवळी झाक. भिंगातून बघितलं तर मधल्या राखाडी भागात वर्तुळात मांडलेले काळे टिंब दिसतात, ती कॉलेटोट्रायकम. दुसरीचे डाग अगदी बारीक, एक-दोन मिलिमीटरचे, शिरांच्या ओळीत बसलेले, मग एकमेकांत मिसळून सगळं पान पिवळट-तांबूस करणारे, ती टॅफ्रिना मॅक्युलन्स. हळदीत भिंगानेच निम्मं काम होतं, सगळ्याच पिकांत होत नाही.

अश्वगंधेवर तपकिरी ठिपका आणि आत एकात एक वर्तुळं दिसली की आल्टरनेरियाचा संशय घ्यायचा, पण संशयच. सेलोटेपचा तुकडा ठिपक्यावर हलका दाबायचा, काचपट्टीवर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या, म्हणजे बुरशीला निळा रंग देणाऱ्या द्रावणाच्या थेंबात चिकटवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. आल्टरनेरियाचा बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, गदेसारखा, एका टोकाला चोच, आत आडव्या-उभ्या भिंती, साखळीत लागलेले. हळदीवरच्या कॉलेटोट्रायकमचे बीजाणू विळ्यासारखे, रंगहीन, शेजारी काळे राठ केस. एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही, मला अजूनही तो पहिला विळा दिसल्याचा आनंद आठवतो.

बुरशी प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढवायची तर नमुना ठिपक्याच्या मधून नाही, कडेवरून घ्या, अर्धा हिरवा अर्धा तपकिरी, कारण मध्ये मेलेल्या भागावर फुकट खाणाऱ्या बुरश्या येऊन बसलेल्या असतात. तुकडा वरवरचे जंतू मारायला एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये साधारण मिनिटभर, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन बटाटा-डेक्स्ट्रोज अगर या बुरशीच्या खाद्यावर, २५ ते २८ अंशांना, पाच-सात दिवस. आणि नमुना कागदी पाकिटातच आणा. प्लास्टिकच्या पिशवीत पानाला घाम येतो आणि दोन दिवसांत भलतीच बुरशी वाढते.

हे मी स्वतः भोगलंय. जुलै महिन्यात अडुळशाची पानं पिशवीतून आली, सगळ्या प्लेटवर एकच काळी बुरशी, मी आनंदाने लेबलवर नाव लिहून टाकलं. मग तिचे बीजाणू पाण्यात मिसळून निरोगी झाडांवर फवारले, दोन दिवस झाकून ओलावा ठेवला, बाजूला नुसतं पाणी फवारलेली झाडं. पंधरा दिवस एकही ठिपका नाही! म्हणजे ती नुसती पानावर राहणारी होती, रोग करणारी दुसरीच. रॉबर्ट कॉखने सांगितलेली ही कसोटी टाळायची नसते, निरोगी झाडावर तोच ठिपका आला पाहिजे आणि त्यातून तीच बुरशी परत निघाली पाहिजे.

भुरी, म्हणजे पानावर पांढरी पावडर आणणारी बुरशी, मात्र या प्लेटवर वाढतच नाही, तिला जिवंत पान लागतं, म्हणून ती थेट पानावरूनच ओळखायची.

डीएनएबद्दल दरवेळी विचारतात. बुरशीच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी, आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ मध्ये पुढे आला, चांगला आहे, पण कॉलेटोट्रायकम किंवा आल्टरनेरियात जवळच्या जाती त्याने वेगळ्या होत नाहीत, आणखी जनुकं लागतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, शुद्ध कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवलेली एकच बुरशी, तयार असेल तर तिथपर्यंत पोचायचा विचार करा.

मागून प्रश्न आलाय, रिपोर्ट येईपर्यंत काय करायचं? रोगट पानं तोडून शेताबाहेर न्या, तिथेच टाकू नका, गळलेलीही वेचा. वरून पाणी मारणं थांबवा, पान जितका वेळ ओलं तितका बीजाणू रुजतो. आणि अडुळशाची तोडणी पंधरवड्यावर आली असेल तर फवारणीचा विचार सोडा, रोग नसलेली पानं आधी वेगळी तोडून घ्या.