जुना फोन, नवा फोन आणि मधला उजेड

पडद्यावर एकाच कुंडीचे दोन फोटो आहेत, दोन्ही भर दुपारचे. एक आठ वर्षं जुन्या फोनचा, दुसरा नव्याचा. नवा कुठला? समोर बसलेल्यांचे हात दोन्हीकडे जवळपास सारखेच वर आले. साहजिक आहे. लख्ख उन्हात जुना फोनही हार मानत नाही.

आता तीच कुंडी, दिवेलागणीची. एकात पानांवर रांगोळी सांडल्यासारखे दाणे, दुसऱ्यात पानांच्या शिरा दिसतायत. इथे विचारायची गरजच नाही.

मग हा मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटोतल्या लाखो ठिपक्यांच्या आकड्याचा, प्रताप का? जाहिरातींवर गेलात तर हो. पण नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू २०१२ सालीच ४१ मेगापिक्सेलचा होता. उलट २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२१ च्या आयफोन १३ पर्यंत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच होता. आकडा जागचा हलला नाही, फोटो मात्र सुधारत गेले.

खरी टंचाई उजेडाची असते. प्रकाश कणाकणाने येतो, आणि पावसाच्या थेंबांसारखा कुठे जास्त, कुठे कमी पडतो. सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, एका पिक्सेलवर (ठिपक्यावर) सरासरी १०० कण पडत असतील तर साधारण १० कणांचा चढउतार होतो, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. अंधारातले ते दाणे बरेचसे यातूनच येतात. जास्त कण गोळा करायला सेन्सर मोठा हवा, आणि मोठ्या सेन्सरला लेन्सही दूर लागते. पाठीवरचा कॅमेऱ्याचा फुगवटा त्यामुळेच वाढत चाललाय.

दुसरा मार्ग हिशेबाचा. एकाऐवजी १६ फोटो घ्यायचे, हात हलला असेल तर ते एकमेकांवर नीट बसवायचे आणि सरासरी काढायची. दाणे चौथाईवर येतात. गूगलने २०१८ मध्ये आपल्या ‘पिक्सेल’ नावाच्या फोनांत आणलेला नाइट साइट हा अंधारातल्या फोटोंचा प्रकार याच जातीचा. आणि जाहिरातींतल्या १०८ मेगापिक्सेलचं म्हणाल, तर सॅमसंगचा २०२० चा तसा फोन, गॅलेक्सी एस२० अल्ट्रा, एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो! नोकियाही ४१ चे ५ करून द्यायचा.

पण या हुशारीचा मला कधीकधी वैताग येतो. संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसूच देत नाहीत हे नवे फोन. सावली दिसली की उजळायची, त्वचा गुळगुळीत करायची, केसांच्या कडा तारेसारख्या ताणायच्या. खिडकीसमोर उभ्या माणसाची काळी आकृती हवी असेल तर मी अजून जुनाच फोन काढतो. धावत्या मुलाच्या बाबतीत तर सरासरीचा हिशेब कोलमडतो. १६ फोटोंत पाय १६ ठिकाणी असतो, मग फोन त्यातला एखादाच धरतो आणि तेवढ्या भागात दाणे परत येतात.

घरी तुलना करायची असेल तर मूळ फाइल घ्या. मेसेजमधून आलेला फोटो बहुतेक वेळा आधीच दाबून लहान केलेला असतो. आणि दोन्ही लेन्स पुसा. मघाची दुपारची जोडी मी दोनदा काढली. पहिल्या खेपेला जुना फोटो धुरकट आला, आणि तो दोष माझ्या बोटाच्या ठशाचा होता.