हात बसलेला कामगार टिकतो कशाने?

मित्रहो, सोलापुरात यंत्रमागधारकांची बैठक कुठलीही असो, बोलणे सुताच्या भावावरून सुरू होते आणि ‘माणूस टिकत नाही’ इथे येऊन थांबते. नवखा माणूस मिळतो. पण मागाचा नुसता आवाज बदलला तरी बिघाड कुठे आहे हे ओळखणारा कामगार घडायला काही वर्षे जातात, आणि गावी गेलेला नेमका तोच परतत नाही. हा प्रश्न आपल्या आधी इतरांना पडलेला आहे.

जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, तेव्हा दोन वर्षे झाली की जुन्याने जावे आणि त्याच्या जागी नव्याने यावे, अशी अट होती. १९६४ मध्ये ती निघाली, आणि ती काढण्यासाठी कारखानदारांनीच आग्रह धरला होता, कारण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून पुन्हा पहिल्यापासून शिकवत बसणे त्यांना परवडेना. एवढा दाखला समोर असूनही आशियातील देशांनी पुढे मुदतीचेच परवाने काढले. दक्षिण कोरियात एका खेपेची मुदत ४ वर्षे १० महिने ठरली. पाच वर्षे भरली तर माणूस नागरिकत्वाचा अर्ज करू शकेल, म्हणून दोन महिने आधीच त्याला वाटेला लावायचे! तैवानमध्ये कारखान्यातील परदेशी कामगाराला एकूण १२ वर्षांची मर्यादा होती. एप्रिल २०२२ पासून मात्र तिथे सहा वर्षे काम केलेल्याला, कौशल्याच्या आणि किमान पगाराच्या अटी पुऱ्या केल्यास, वरच्या श्रेणीत घेता येते. मग वर्षांची मर्यादा उरत नाही आणि पुढच्या पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

जपानची रीत आपण जास्त बारकाईने पाहावी, असे मला वाटते. २०१९ मध्ये तिथे कुशल कामगारांसाठी दोन पायऱ्यांचा परवाना आला. पहिल्या पायरीवर जास्तीत जास्त पाच वर्षे, तीही एकट्याने. दुसऱ्या पायरीवर परवाना पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि बायकोमुलांना सोबत आणता येते. ही दुसरी पायरी सुरुवातीला फक्त दोन क्षेत्रांना होती; २०२३ मध्ये ती ११ क्षेत्रांना खुली करण्याचा निर्णय झाला. २०२४ मध्ये पहिल्या पायरीच्या यादीत वस्त्रोद्योगही आला, म्हणजे ज्या हातांसाठी आपण तक्रार करतो तसेच हात त्यांनाही हवे आहेत.

आपल्या पूर्वभागाला, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीला, हे परके वाटू नये. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर या गावाचा झाला, कारण तो घरदार घेऊन आला. त्याच्या घरातच माग लागला, बाईला विड्यांचे काम मिळाले, मुले इथल्या शाळेत गेली. आज परराज्यातून येणारा माणूस एकटा येतो, कित्येकदा कारखान्यातच झोपतो, आणि आपण त्याला उचल देऊन बांधू पाहतो. शेजारच्या कारखानदाराने ती उचल फेडली की माणूस तिकडे जातो; कर्ज तेवढे त्याच्या मागे राहते.

शिधापत्रिकेची अडचण काही अंशी सुटली आहे. एकाच पत्रिकेवरचे काही धान्य इथे आणि उरलेले गावी उचलता येते. राहण्याची तशी सुटलेली नाही. शहराजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांची १०,००० घरे झाली, त्यानंतर रे नगर या कामगार वसाहतीची ३०,००० घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिच्यातील १५,००० घरांचा ताबा दिला गेला. हे काम मोठेच आहे, पण ती मालकीची घरे इथे रुजलेल्या कुटुंबांसाठी आहेत. नव्याने आलेल्याला आधी भाड्याची, दार लावून कुटुंबाला राहता येईल अशी खोली लागते. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीजवळ कारखानदारांनी मिळून अशा खोल्या बांधाव्यात, मात्र खोलीचा करार एका कारखान्यातील नोकरीला जोडू नये. नाहीतर काम सोडताच घर जाईल, आणि ती उचलच वेगळ्या रूपात परत येईल.